सातव्या शीटवरची सही

सन्माननीय अध्यक्षा चारुलताबाई, प्रमुख पाहुणे फत्तेसिंहराव, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे शरच्चंद्रसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमलावहिनी, आपल्या मराठी मंडळाचे ज्येष्ठ सभासद, कचेरीतून थेट इकडे आलेले माझे सहकारी आणि समोरच्या बंधुभगिनींनो,

काल रविवारी सकाळी मी देवापुढे निरांजन लावलं, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि पहिल्या एसटीने रायणपुऱ्याला जाऊन उतरलो. तिथून नानी सांकळीपर्यंत, बंद पडलेल्या रेल्वेच्या मातीच्या बांधावरून तीन किलोमीटर चाललो. एकटाच होतो. वाट पाऊण तासाची. मला अडीच तास लागले.

निरोपाच्या समारंभात हा माणूस आपल्या पायपिटीचं काय सांगत बसला, असं कुणाला वाटेल. साहेबांना तसं वाटणार नाही.

मी दत्ताजीराव. गेली एकवीस वर्षं साहेबांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन आहे. कचेरीत मला सगळे दत्ताभाई म्हणतात, साहेब तेवढे दत्ताजीराव म्हणतात. दुपारी कचेरीतला निरोप झाला, तो गुजरातीत झाला आणि छान झाला. तिथे मी बोललो नाही. जे सांगायचं आहे ते मला माझ्या भाषेतच नीट सांगता येईल, म्हणून इथे उभा आहे.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी बापूगाडीने प्रवास केला असेल. अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी. वाटेत कुणी हात केला तरी थांबायची म्हणतात. ती बंद झाली, रूळ उचलले गेले, बांध तेवढा राहिला. शहरातल्या बागेपासून निघायचं आणि त्या बांधावरून तीन लहान गावं आणि त्यांच्या तळ्याकाठच्या बागा जोडत जायचं, चालणाऱ्यांनी, सायकलवाल्यांनी, चाकाच्या खुर्चीतल्या माणसानेसुद्धा, अशी चौतीस किलोमीटरची वाट आखायचं काम आमच्याकडे आलं. कागदावर तिचं नाव फार मोठं आहे. आम्ही दोघं तिला नुसतं 'वाट' म्हणायचो.

साहेबांचा एक नियम होता. जिथे पाय पडला नाही तिथे पेन्सिल पडायची नाही. नकाशाच्या प्रत्येक शीटखाली ते एक ओळ लिहून घ्यायचे, 'पायी पाहिले'. त्याखाली चालणाऱ्याची सही, आणि तिच्या भरवशावर 'तपासले' लिहून साहेबांची. अशी अकरा शीटं. मी अंतर मोजायचं चाक ढकलत पुढे, साहेब टोपी सावरत मागे. एका गावात एका म्हाताऱ्याने गाडी परत कधी येणार म्हणून विचारलं, "साहेब, गाडी पाछी क्यारे आवशे?" साहेब म्हणाले, "काका, हवे तो आपणे ज गाडी." आता आपणच गाडी. म्हातारा इतका हसला की त्याने आम्हांला खाटेवर बसवून चहा पाजला.

ते दिवस आठवले की मला वाटतं, माणसाला सोबत म्हणून किती लागतं? दहा पावलं मागून येणारा एक माणूस पुरतो.

सातव्या शीटच्या दिवशी साहेबांना मीटिंग निघाली आणि मी एकटा गेलो. ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. रायणपुऱ्याच्या थांब्यावर उतरलो. तिथे स्टेशनमास्तरांचं क्वार्टर आहे. दारं गेली, पण ओटा शाबूत आहे. माझी पत्नी अहल्या त्या क्वार्टरमध्ये वाढली. तिचे वडील तिथले मास्तर. लग्नानंतर पाचव्या दिवशी आम्ही दोघं त्याच बांधावरून नानी सांकळीच्या देवीला चालत गेलो होतो. रुळांच्या कडेने ती पुढे, मी मागे. गाडी आली की कुठे उतरून उभं राहायचं हे तिला पाठ होतं.

सर्व्हेच्या त्या दिवशी तिला जाऊन आठ महिने झाले होते. मी त्या ओट्यावर बसलो. उठेन म्हणत बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा पिशवीतून रेल्वेचा जुना नकाशा काढला, त्यावर बांध अखंड दाखवला होता, तसाच, कडेने सलग कुंपण आखून, सातव्या शीटवर उतरवला आणि खाली लिहिलं, 'पायी पाहिले'. सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या सहीखाली सही केली. त्यांनी काही विचारलं नाही. विचारावं असं माझ्यात त्यांना काही दिसलं नसणार.

तेव्हापासून संध्याकाळी देवापुढे हात जोडले की मागायला तोंड उघडत नाही. नुसता उभा राहतो.

महिन्यापूर्वी नकाशे लोकांसाठी खुले झाले, हरकती मागवल्या. नानी सांकळीच्या शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. गाडी बंद झाल्यावर गावाने बांध फोडून एक छींडं केलं आहे, ये-जा करायला खिंडार. पलीकडे शाळा आहे, पाण्याची टाकी आहे. तुमच्या नकाशात तिथे सलग कुंपण आहे. आणि शेवटची ओळ, "साहेब, तमे अहीं आव्या ज नथी."

तुम्ही इथे आलेलाच नाहीत. बाईंनी बरोबर ओळखलं होतं.

अशा पत्रांना आमचं ठरलेलं उत्तर असतं. जागा पायी पाहिली आहे, ओलांडणी आढळली नाही, हरकत निकाली. शुक्रवारी मी ते टाईप केलं आणि सहीच्या फोल्डरमध्ये ठेवलं. सोमवारी, म्हणजे आज, साहेबांचा शेवटचा दिवस. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची सही त्या उत्तरावर होणार होती. पुढच्या महिन्यात खांब येणार, कुंपण लागणार, आणि मुलांना दोन किलोमीटरचा वळसा पडणार.

म्हणून काल गेलो. ओट्यावर बसलो नाही. तिथे थांबलो, नमस्कार केला आणि चालायला लागलो. छींडं सापडलं, इतकं रुळलेलं की गवतसुद्धा उगवत नाही. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई आली. सोबत कोण आहे म्हणून तिने विचारलं, "कोनी साथे आव्या, भाई?" मी म्हटलं, "एकलो ज छुं." "तो पाणी पीने जाव," म्हणाली, आणि भारा उतरवून मला घरी घेऊन गेली.

संध्याकाळी शहरात परतून अकोट्याला साहेबांच्या घरी गेलो. सामान बांधून झालेलं. पुढच्या आठवड्यात दोघं मुलीकडे नाशिकला राहायला जातात. सोफ्यावर पुस्तकांचे गठ्ठे होते, म्हणून मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी हातातलं पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या सहीला दिलंत तुम्ही हे, दत्ताजीराव?"

मी हो म्हटलं.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी बसू तरी द्या." साहेबांनी एक गठ्ठा उचलून खाली ठेवला. मी बसल्यावर त्यांनी विचारलं, "का नाही चाललात त्या दिवशी?" मी अहल्येचं सांगितलं. क्वार्टरचं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला सांगायचं होतंत हो. मीटिंग काय, पुढे ढकलली असती. आपण दोघं गेलो असतो."

बंधुभगिनींनो, उद्यापासून कचेरीत माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही. पण हे वाक्य मी बरोबर ठेवणार आहे.

आज सकाळी साडेदहाला मी फोल्डरमधलं ते उत्तर काढून घेतलं. सातव्या शीटवर लाल शाईने छींडं दाखवलं, कुंपण तिथे तोडलं आणि खाली माझ्या हाताने लिहिलं, 'पूर्वीची नोंद न चालता केली होती. आता पायी पाहिले.' एकट्याने सही केली. साहेबांनी ते पूर्ण वाचलं. 'तपासले' लिहिलं नाही, कारण ते चालले नव्हते. 'मिळाले' एवढंच लिहून सही केली. ती त्यांची शेवटची सही. एक प्रत शाळेतल्या बाईंना दुपारच्या टपालाने गेली.

मंडळाचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि साहेब, तुमचे मनापासून आभार. वहिनी, कालच्या चहाचेही. बोलण्यात कुठे चुकलं असेल, जास्त झालं असेल, तर आपण उदार मनाने सांभाळून घ्या. सातव्या शीटचं मात्र सांभाळून घेऊ नका. त्याबद्दल वरून विचारणा येईल, आणि तिचं उत्तर मी देणार आहे.

नमस्कार.