लाल ठप्प्यावरची पट्टी

ये वं, ये, अशी जवळ बस. तिकडे दाराशी खुर्ची ओढून बसली तर मले काय ऐकू येणार अन् तुले काय सांगू मी? अन् दोन महिन्यांनी तोंड दाखवून राहिली तू. फोनवर येते आजी, येते आजी, अन् इकडे मी दर गुरुवारी चहाचं आधण ठेवून वाट पाहून राहिली. बरं, कर तुझं ते कॉलेजासाठीचं रेकॉर्डिंग सुरू, पण मधून मधून मान हलवत जा, नाहीतर वाटते भिंतीशी बोलून राहिली.

मी पारशिवनीकडची. घरी धानाची शेती, मागं बांबूचं रान. सातवीपर्यंत शाळा, अन् चित्र म्हणशील तर अंगणात सडा टाकून रांगोळी, बस. पण रांगोळी माही अशी सरळ, काय सांगू तुले, गावात कोणाचं लग्न असलं की आधी मले बोलावणं. मग माहं लग्न झालं, नागपुरात नंदनवन वस्तीत आली. आमचे हे पाटबंधारे खात्यात क्लर्क, दोन खोल्या, अन् सासू. सासूबद्दल मग सांगते, तिचा हिशेब वेगळाच आहे.

आता सगळे विचारतात, बाई, तुम्ही कुठल्या अन् हे चिनी चित्र कुठलं? दातातून आलं म्हणते मी. हसू नको, खरंच. आमच्या ह्यांचे दात पार गेले होते, अन् तिकडे सदर भागात दाताचे एक चिनी डॉक्टर होते, बापाच्या वेळपासूनचा दवाखाना. कवळीसाठी सात खेपा झाल्या. तिथं डॉक्टरांची बहीण, लिनबाई, बिनलग्नाची, बाहेर टेबल टाकून बसायची, चिठ्ठ्या लिहायची, अन् पेशंट नसला की काळ्या शाईनं चित्र काढायची. जन्म नागपूरचा, हिंदी आपल्यासारखीच, अन् ठेचा आपल्यापेक्षा तिखट खाये. मी पाहतच राहिली. ती बुरुश एकदा टेकवे, ओढे, उचले, अन् बांबूचं पेर तयार. माह्या गावचं बांबूचं रान त्या टेबलावर! सातव्या खेपेले ती म्हणे, इतना देखती है तो बैठ ना. मी बसली.

त्यानंतर दर गुरुवारी. घरी सांगितलं, साईबाबाच्या देवळात जाते. येताना फुटाण्याचा प्रसाद घेऊन यायची, सासू डोक्याले लावून खाये. पाप म्हण, काहीही म्हण.

पहिले कितीतरी महिने तिनं मले नुसती शाई घासायले लावली. काळ्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचे अन् शाईची कांडी गोल गोल घासायची, हळू, जोर नाही. मग रेघ. म्हणे, तू रांगोळीवाली, चिमटीनं धरतेस, चिमूट सोड, खांद्यातून आण. अन् एकदा बुरुश टेकला की खोडणं नाही, पुसणं नाही, झालं ते झालं. रांगोळी चुकली तर फुंकर मारून दुसरी टाकता येते, इथं नाही.

घरी सरावासाठी तिनं मले आपला एक दगड दिला. तो सासूच्या हाती लागला. म्हणे, अगंबाई, किती छान सहाण, साईबाबाच्या इथून आणली काय? आता मी काय बोलणार? हो म्हटलं. तिनं धुतली, देवघरात ठेवली, अन् रोज सकाळी त्यावर चंदन उगाळून देवाले लावे. शाईचा दगड, अन् त्यावर चंदन! लिनबाईले सांगितलं तर ती टेबलावर डोकं टेकून हसली. मग म्हणे, रहने दे, इज्जत से रखा है ना. सासू गेल्यावर तो दगड मले मिळाला. आजही शाई घासली की चंदनाचा वास येते.

माही चित्रं बारा वर्षं लिनबाईसारखीच निघत. तिचेच डोंगर, तिचीच झाडं, जी मी जन्मात पाहिली नाहीत. तिनं मले माह्या नावाचा ठप्पा कोरून दिला होता, मऊ दगडाचा, चिनी अक्षरात सु अन् मन. लाल रंगात बुडवून चित्राच्या कोपऱ्यात लावायचा. पण म्हणे, जे चित्र तुझं वाटेल त्यालाच लाव, माझी नक्कल असेल त्याला नको. अन् एकटीनं लावायचा नाही, समोर कोणी बसलं पाहिजे. चित्र एकटीनं काढ, नाव मात्र लपून लावायचं नाही. हा तिचा नेम.

ठप्पा दिला त्याच दिवशी तिनं सांगितलं. चीनशी लढाई झाली त्या वर्षी ती पोरगी होती. दवाखान्याच्या पाटीवर चिनी अक्षरं होती, बापानं स्वतः शिडीवर चढून त्यावर चुना मारला, अन् चुन्याची बादली खाली लिनबाईनं धरली होती. म्हणे, बाबूजी नीचे उतरे तो छोटे हो गए थे. एवढंच बोलली. मी ऐकलं, चहा पिला, घरी आली. ऐकलं म्हणजे काय ऐकलं मी, सांग.

मग एकदा माहेरची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, काढली. धान कापून झालेलं, चार रेघांचे खुंट, एक बगळा, बाकी कागद कोरा. घरी पोरगा म्हणे, आई, उरलेलं कधी काढशील? लिनबाईनं मात्र खूप वेळ पाहिलं अन् म्हणे, अब ये तेरा है. ती समोर बसली अन् मी ठप्पा लावला. जन्मातला पहिला.

आता ऐक. आपल्या इथल्या एका मंडळानं बायांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. पहिल्या दोन वर्षी मी गेली तर म्हणे, आजी, वारली काढा ना, मराठी बाईले शोभेल असं. जसं काही पारशिवनीले वारली पिढ्यान्‌पिढ्या काढून राहिले! तिसऱ्या वर्षी त्यांनी कशीबशी माही बांधी घेतली. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात चीनच्या सरहद्दीवर आपले जवान मारले गेले होते, लोक चिडून होते, चिडणारच. भिंतीवर चित्र लागलं अन् मंडळाचे एक सर आले, म्हणे, मॅडम, बगळा ठीक आहे, पण हा चिनी ठप्पा नको, त्यावर नावाची पट्टी लावू, कोणी गोंधळ केला तर? मी म्हटलं, अहो, माहंच नाव आहे ते. म्हणे, असेल, वाचणार कोण? पोरगा सोबत होता. तो म्हणे, आई, कायले वाद घालते, एवढीशी तर पट्टी आहे.

अन् मी हो म्हटलं.

लिहून घे हे, गाळू नको. कोणी माहा हात धरला नव्हता. मले त्या भिंतीवर राहायचं होतं, बस. त्यांनी सौ. लावून माहं नाव मराठीत छापलेली पट्टी आणली, फेविकॉल लावला, अन् माह्याच नावावर माहं नाव चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी लिनबाई आली. मी बोलावलं होतं ना तिले, आधीच! ऑटोनं आली, काठी टेकत, तोंडाले करोनाचा मास्क, नुसते डोळे दिसत. चित्रासमोर उभी राहिली. पट्टीवरून बोट फिरवलं. म्हणे, सीधी लगाई है. ती गेली. गुरुवारी मी सदरले गेली तर डॉक्टर म्हणे, तब्येत ठीक नाही, झोपली आहे. पुढच्या गुरुवारीही झोपली आहे. मग ती कोलकात्याले भाच्याकडे गेली अन् तिथंच वारली. मले कळलं ते दोन महिन्यांनी.

पट्टी निघत नाही. तो कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा, ओढली तर ठप्पाही संग येईल. ते पाहा, कपाटावर उभं आहे. फोटो काढशील तर पट्टीसकट काढ. कधी वाटते, माही सासू अडाणी, तिनं न समजता तो दगड देवात ठेवला. अन् मी बारा वर्षं शिकून काय केलं?

तेव्हापासून ठप्पा डब्यातच आहे. शाई घासते, काढते, ठेवून देते. मागच्या महिन्यात एक बांबू निघाला. हात थरथरते आता, ती थरथरही आली आहे रेघेत. मले वाटते तो माहा आहे. नक्की नाही सांगता येत, अन् नक्की सांगणारी गेली.

पण ठप्पा एकटीनं लावायचा नाही. पोरगा म्हणते मी बसतो, त्याले मी नाही बसू देत. तू ये वं, येत्या गुरुवारीच ये, दोन महिने लावू नको. काही बोलू नको, नुसती समोर बस.