चिंचेच्या मापाची पट्टी

मग इस्वास कुणावर ठेवायचा म्हणता, मानसिंगराव — मशिनीवर, का ती इकणाऱ्यावर? पणदऱ्यावरनं निघाला, वाटेत बारामतीतली सगळी दुकानं वलांडली आन् इंदापुरात चाँदभाईच्या फळीवर येऊन बसला, म्हंजे काय तरी मनात धरूनच आला असाल की. चहा येतोय, बसा. छत्तीस इंची पट्टी मागताय, आन् झाडं कापायची मशीन आणलीय ही एवढीशी. मी गपगुमान काढून दिली तर तुमी खुश, मी खुश. पर तिला ओढणार कोण? पट्टी लांबली का तिच्यावरनं फिरणारी दात्यांची साखळी लांबली, साखळी लांबली का इंजनावर भार — शेळीला नांगराला जुंपल्यागत व्हतंय ते. धूर निघतोय, बोंब निघतीय, लाकूड हाय तसंच.

हसू नका, आमच्या आप्पासाहेबांचं असंच झालं. कालव्याच्या कडंच्या बाभळी तोडायला घेतल्या आन् पट्टी मागितली बावीस इंची. म्हणलं, अवो बाभूळ मांडीएवढी, काट्यात वाकून शिरायचं, चौदा न्या. तर म्हणाले, चाँदभाई, गड्यांसमोर चौदा धरली तर मिशी काढून ठिवावी लागंल. न्या मग. पहिल्याच बाभळीला पट्टीचं नाक मागच्या खोडाला टेकलं, आन् मशीन उसळून आली तोंडावर — टोपी गेली, कान राह्यला. दुसऱ्या दिवशी आले, चौदा इंची घेतली, आन् पोत्यात गुंडाळून नेली, कुणी बघू न्हाय म्हणून. तवापासनं मी सांगतो, पट्टी झाडाच्या मापानं घ्यावी, आपल्या मापानं न्हाय. सुबाभूळ मऊ, तिला अठरा लई झाली. फांद्या छाटायच्या तर बारा, हात दुखत न्हाय. खोड जाड असंल तर दोन्ही बाजूनं कापायचं, पट्टीच्या दुपटीपातूर जमतंय.

तुमचं झाड कसलं म्हणालात? चिंच. बरं. जाडी? — कवेत येतंय का? दोघांच्या बी न्हाय. म्हंजे आरपार चार फूट धरा. एवढी चिंच आता हाय कुठं राव, सगळ्या गेल्या की भट्टीला. कुठली ही?

व्हय. व्हय, म्हाईत हाय. कब्रस्तानाच्या कडंची. न्हाय, मला कशाला कोण सांगायला पायजे, आमचंच गाव ते. रस्ता रुंद व्हायचाय, तोडायचं काम तुमच्याकडं आलंय, कब्रस्तानाच्या कमिटीची बैठक झाली, सगळ्यांनी सह्या केल्या, मी बी केली — न करून काय, झाड काय माझ्या सहीवर उभं होतं?

मग असं करा, ही सोळा इंची न्या. हां, सोळाच. मी म्हणतोय ना. चिंचेचं लाकूड म्हंजे लोखंड, त्याला दमादमानं खायचं. लागतील चार दिस जादा, लागू द्यात, घाई कुणाला हाय. — सोमवारी रस्त्याची मशिनं येणारेत? मंगळवारी येतील. बुधवारी येतील. चिंच कुठं पळून चाललीय? आणि समजा न्हायच तुटली, तर सांगायचं त्यांना सरळ, का चाँदभाई म्हणला तुटत न्हाय —

कुणीकडं झुकलीय, बघितलं का तुमी? आत. आतच की. दर गाळपाला उसाच्या ट्रॉल्यांना अडती म्हणून रस्त्याकडच्या फांद्या तोडल्या, अन् वर्षानुवर्षं सगळा भार गेला आत, कबरींवर. बुंध्यापासची पहिली कबर दिसली असंल, चुना दिलेली, कडंनं मेंदी. माझ्या बायकोची हाय, कमरजहाँची. ऊन सोसायचं न्हाय तिला, डोकं उठायचं. जागा मीच मागून घेतली तितं. लोक म्हणले, मुळ्यांत खोदायला तरास व्हतोय, चाँदभाई, पलीकडं बघा. म्हणलं, मी खोदतो.

ती पट्टी खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना, सोळाची. तुमी ह्या बाजूनं कापणार, त्या बाजूनं कापणार, आखूड पट्टीनं दोन्ही काप मधी जुळणार न्हाईत, अन् एवढा भार वाकड्या कापावर पिळून जाईल आत. मला कळत न्हवतं का? कळत होतं. वाटलं, पट्टी पुरणार न्हाय, तुमी कंटाळाल, जाल, रस्ता दोन हात सरकंल. रस्ता कधी सरकलाय का, मानसिंगराव? तुमी न्हाय पाडली तर दुसरा पाडंल, आन् तो तर इचारायला बी थांबणार न्हाय, माती उकरायच्या दात्याच्या मशिनीनं ढकलून देईल मुळासकट — तिच्या मुळ्या कुठं कुठं गेल्यात, मला म्हाईत हाय.

ती आतली मशीन घ्या, मोठ्या इंजनाची. माझीच हाय, भाडं नको, काम झालं का आणून द्या. तीस इंची आरामात ओढती. आधी आतल्या बाजूच्या फांद्या उतरवा, भार कमी करा. मग वर, जमंल तितक्या उंच दोर बांधा आन् ट्रॅक्टर रस्त्याला लांब लावा. खाच रस्त्याच्या बाजूला घ्यायची. पाठीमागनं कापताना मधी दोन बोटं लाकूड तसंच ठेवायचं, बिजागरीगत, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर सारखं. ते सारखं राह्यलं तर दार मिटावं तशी रस्त्यावर बसंल. न्हाय राह्यलं तर — सारखं ठेवा.

मी? मी न्हाय येत. दुकान कोण बघंल. — न्हाय म्हणलं ना, बळंच करू नका.

एक मात्र हाय. आमच्यात मयत कबरीत उतरवली का वर आडव्या फळ्या टाकतात, मग माती. कब्रस्तानातलं लाकूड आमी इकत न्हाय, चुलीला बी लावत न्हाय. फळ्या पाडून मशिदीत ठेवतो, ज्याच्या घरी वेळ येईल त्यानं न्याव्या. तुमच्या गड्यांना ट्रॉली दिसली का लाकूड आपलंच वाटतंय, मी ह्या धंद्यात म्हातारा झालोय. सरळ लाकूड तेवढं बाजूला काढा, फळ्या पाडून मशिदीत पोचवा, गावात कुणालाबी इचारा, मशीद दावतील. निघा आता, उन्हाच्या आत पोचा. किती फळ्या निघाल्या ते मोजायला मी तितं उभा नसंन, तवा हिशेब तेवढा खरा ठेवा.