आंब्याचं पान असलेली नंबरपाटी

आदरणीय अध्यक्ष किशनरावजी, मोटारमालक संघाचे सेक्रेटरी नागनाथराव, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या मालक, ड्रायव्हर, क्लीनर बंधूंनो,

मी भुजंग पेंटर. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी पाथरीत दुकान टाकलं, आज अठ्ठ्याहत्तर साल. एकोणतीस वर्षं गाड्यांचे नंबर लिहिले, भाषणाची वेळ कधी आली नाही. आज आपण शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र दिलं, वर नाशिकला लेकीकडं जायचं उद्याचं रेल्वेचं तिकीटही काढून दिलं. एका पेंटरचा एवढा मान कुण्या गावानं केला असेल? मी भारावून गेलो, एवढंच म्हणून खाली बसायचं, असं घरून ठरवून आलो होतो.

पण नागनाथरावांनी मानपत्र वाचलं. त्यात एक वाक्य आहे, 'भुजंगरावांनी लिहिलेला नंबर कुणीही, कुठूनही, एका नजरेत वाचावा.' त्यावर टाळ्या पडल्या. किशनराव, आपणही वाजवल्या. मी बघत होतो.

माझ्या दुकानात कायद्याचा तक्ता लावलेला आहे, सगळ्यांनी पाहिलाय. अक्षर साधं पाहिजे, ठळक पाहिजे, नेमून दिलेल्या उंचीचं पाहिजे. दोन अक्षरांत मोकळी जागा. वेलबुट्टी नको, देवाचं नाव नको, मालकाचं तर नकोच नको. नवा ड्रायव्हर कुरकुरला की मी ऐटीत सांगायचो, "बाबा, गाडी कुणाला धडकून पळाली, तर लोकांच्या हातात फक्त नंबर उरतो."

असा मी शहाणा! गेल्या साली दसऱ्याच्या आधी किशनराव दुकानात आले. राग मानू नका अध्यक्ष महोदय, आपलेच शब्द सांगतो. म्हणाले, "पेंटर, पाटी कशी लग्नपत्रिकेवानी दिसाय पायजे." मी तक्त्याकडं बोट केलं. "तक्ता तुज्यापशी ऱ्हाऊ दे. जीप माजी हाय."

आणि मी लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत कुलदेवीचं नाव, खाली बोटभर नंबर, त्यातही आकड्यांना वळणं, आणि शेवटच्या आकड्याला लटकतं आंब्याचं पान. पान तर किशनरावांनी मागितलंही नव्हतं. ती माझी हौस.

दसऱ्यानंतर आठवड्यानं, भर दुपारी, पेडगाव फाट्यावर एका जीपनं लिंबाजीला उडवलं. मजूर माणूस, बायकोबरोबर बाजार घेऊन पायी घरी चालला होता. जागेवरच गेला. जीप थांबली नाही. तिथं एक मास्तर उभे होते, शिकलेले. त्यांनाही नंबर वाचता आला नाही! लिंबाजीची बायको कडूबाई फौजदाराला म्हणाली, "सायेब, मला वाचाय येत न्हाई, पर पाटीवर आंब्याचं पान व्हतं. देठ वर, शेंडा खाली." फौजदार हसले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'अज्ञात वाहन'.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मला यातलं काही ठाऊक नसताना, किशनराव पाटी घेऊन हजर. "खरवड, अन् कायद्यापरमानं लिही." मी खूश! म्हटलं, आला माणूस ताळ्यावर. ते पान मी याच हातानं खरवडलं.

नागनाथराव, माईकची वायर सोडा. आपणच बोला म्हणालात ना? मग ऐका.

त्यानंतर कडूबाई दुकानात आली. त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या कमानीवरचं नाव मीच लिहिलं होतं, म्हणून ओळखायची. खडू घेतला आणि फरशीवर पान काढलं. देठाला बारकी गाठ द्यायची माझी सवय आहे. तिनं गाठसुद्धा काढली. "पेंटरदादा, ह्ये कुणाच्या हातचं हाय?"

काय सांगितलं मी? म्हटलं, चौकशी करतो. आठ दिवस गप्प बसलो. स्वतःची लाज वाटते, पण सांगतो, जेवत होतो, झोपत होतो. आठव्या दिवशी ती परत आली. "पेंटरदादा, कागदावर कुणाचंच नाव न्हाई. माज्या मालकाला कुणीच मारलं न्हाई का वो?"

त्या दिवशी मी ठाण्यात गेलो. पाटीचा कागदी खाका माझ्या पेटीत होता, तो पुढं ठेवला, जबाब दिला, केस उभी राहिली. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात एक पाटी आली नाही. वर्ष झालं. समोर बसलेल्यांपैकी कुणी आलात? हात वर करा! नजर चुकवून पलीकडच्या गल्लीनं जात होतात, आणि आज म्हणे आमचे लाडके पेंटर!

परवा मंगळवारी परभणीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. हे तिकीट उद्याचं आहे. दोन दिवसांनी माझ्या लेकीला भेटलेलं चाललं नसतं का हो? मला सगळं कळत होतं. तरी भिऊन तिकीट खिशात घातलं, बिस्तरा बांधला. म्हातारपणी कशाला वैर, म्हटलं. त्या मानपत्रातलं वाक्य ऐकलं नसतं तर उद्या मानवत रोडला जाऊन गुमान गाडीत बसलो असतो. म्हणून संघाचे मनापासून आभार, आणि मानपत्र लिहिणाऱ्याचे तर विशेष आभार.

तिकीट इथं टेबलावर ठेवतो, अध्यक्ष महोदय. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती पाटी लिहिली आणि ती खरवडली, या दोन चुका मात्र कुणी पोटात घालू नका. त्या मी मंगळवारी न्यायाधीशासमोर, कडूबाईच्या देखत, माझ्या तोंडानं सांगणार आहे. नमस्कार.