डाव्या काठावरचा अंगठा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान झालेले विश्वस्त, दुरून वेळात वेळ काढून आलेले संग्राहक मित्र, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला आहे त्या आपल्या मावशी, तुम्हा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार. मावशी, ती खुर्ची पुसू नका. बसा तिच्यावर.

एकोणीस वर्षं मावशींनी आपल्या या खेळण्यांच्या आणि चित्रपट-वस्तूंच्या संग्रहालयाची साफसफाई केली. अठराशे महानायक, त्यांचे खलनायक, त्यांची वाहनं, तलवारी, मुखवटे. बोटाएवढ्या बाहुल्याच्या काखेतली धूळसुद्धा रंगाच्या ब्रशनं काढणारी ही बाई. आज त्या निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या स्वच्छतेबद्दल मी चार शब्द बोलावेत अशी अपेक्षा आहे. पण माफ करा, मी त्यांच्या मळाबद्दल बोलणार आहे.

त्याआधी आपले अध्यक्ष. दातांचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव मोठं आहेच, पण आपल्या वर्तुळात त्यांना सारे प्रेमानं ‘सीलबंद काका’ म्हणतात. काका, हसताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षं खेळणी जमवली आणि एकाही डब्याचं सील तोडलं नाही. त्यांच्या सुनेनं एकदा चुकून एक डबा उघडला, तर तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही म्हणतात. खरं-खोटं सूनबाई जाणोत.

अशा माणसानं आपल्या पहिल्या प्रदर्शनासाठी स्वतःहून एक वस्तू उसनी दिली. आपल्या मधल्या कपाटातलं हेल्मेट. चित्रपटाच्या कारखान्यातच बनलेल्या तीन प्रतींपैकी एक. नायक शेवटची लढाई लढून आला आहे, म्हणून त्यावर काजळी, गंज, मानेजवळ वाळलेला चिखल, सगळं कारागिरांनी मुद्दाम रंगवलेलं. आपल्या धंद्यात त्या मळालाच खरी किंमत. कोऱ्या हेल्मेटला कोण विचारतो?

मावशी तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या. उद्घाटनाला पाच दिवस होते. मी सकाळी आलो, तर मधल्या टेबलावर हेल्मेट लखलखतंय! शेजारी भांडी घासायची पावडर, दात घासायचा जुना ब्रश आणि कमरेवर हात ठेवून उभ्या मावशी. म्हणाल्या, “साहेब, एवढी भारी वस्तू आणि कुणी फडकंसुद्धा मारलं नव्हतं. दोन तास लागले हो.”

मी खाली बसलो, आणि बसल्या बसल्या त्यांना सारं सांगितलं. तुमची नोकरी गेली, माझी गेली आणि डॉक्टर आता संग्रहालयाला कुलूप लावतील, असंही सांगून टाकलं. मावशींचा चेहरा उतरला. पण रडणं-भेकणं काही नाही. म्हणाल्या, “मळच हवाय ना? काढला मी, घालते मी.”

मी म्हटलं, “मावशी, ही कला आहे.”

“असेल. पण मळ कुठे बसतो ते घासणारीला विचारा. तुम्ही नुसतं बघता.”

मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला, जो मला, म्हणजे स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या माणसाला, कधी सुचला नव्हता. “हा माणूस हेल्मेट कोणत्या हातानं काढतो?” मी ते कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा त्या हातात फडकं घेऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि अख्खा चित्रपट तीनदा बघितला. उजव्या हातात तलवार, म्हणून तो दर वेळी डाव्या हातानं काढतो. “म्हणजे अंगठा इथे,” त्या म्हणाल्या, “आणि रोजचा अंगठा म्हणजे घामट काळा डाग.” पुढचे चार दिवस मागच्या खोलीत चहाची पूड, काजळी, तांबडी माती आणि सायकलच्या साखळीचं तेल. आधी रंगाच्या डब्याच्या झाकणावर तालीम, मग हेल्मेटवर. मी दाराशी पहारा देत होतो. पहारा कसला, नखं खात होतो!

उद्घाटनाला डॉक्टर आले. खिशातून टॉर्च काढला, भिंग काढलं. दहा मिनिटं पाहिलं. मग म्हणाले, “हं.” आणि सरबत प्यायला गेले.

त्या ‘हं’चा अर्थ मी एकोणीस वर्षं लावतो आहे, काका.

पुढे लोक आपल्या रंग उडालेल्या, नातवंडांनी धुतलेल्या वस्तू आपल्याकडे दुरुस्तीला पाठवू लागले; काम कोण करतं हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि बऱ्याच वस्तू इथेच राहिल्या. आज कपाटांतल्या एक्केचाळीस वस्तूंवर मावशींच्या हातचा मळ आहे. हजेरीपटावर मात्र त्यांच्या नावापुढे आजही ‘सफाई’ एवढंच लिहिलेलं आहे. कारण त्या दिवशी मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, हे कुणालाही सांगायचं नाही. वस्तूजवळच्या पाटीवर मालकाच्या परवानगीशिवाय अक्षरही वाढवता येत नाही, आणि परवानगी मागायची तर आधी गुन्हा कबूल करायला हवा. मी भित्रा माणूस. आज करू, उद्या करू, यात माझे केस पांढरे झाले.

गेल्या आठवड्यात मावशींची मुलगी मला भेटली. म्हणाली, “आई दर सुट्टीत नातीला आणून त्या हेल्मेटसमोर उभी करते. बोलत काहीच नाही. नुसती उभी राहते. का हो?” मावशींनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं! पोटच्या मुलीला नाही, त्या पहिल्या रांगेत लाल टॉवेल पाठीवर बांधून बसलेल्या नातीला नाही. मला फार लाज वाटली. मित्रहो, आजही वाटते आहे.

म्हणून अध्यक्ष महोदय, चारचौघांत कबूल करतो. तुमचं हेल्मेट आम्ही धुतलं. त्यावरचा मळ कारखान्याचा नाही, मावशींचा आहे. रागावून हेल्मेट परत न्यायचं असेल, तर तो तुमचा हक्क आहे. पण ते इथेच राहणार असेल, तर त्याच्या पाटीवर एक ओळ वाढवू द्या. आज मावशींचा शेवटचा दिवस आहे, आणि माझं धाडस उद्यापर्यंत टिकेल याची मला खात्री नाही.

क्षमा करा, अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे. चष्मा... हां. वाचतो.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं. जन्मभर लोकांचे डागच पाहिले आहेत. डाव्या काठावरचा अंगठा मूळ हेल्मेटवर नव्हता. तो असायला हवा होता. म्हणून तर मी ते परत नेलं नाही. ओळ वाढवा. आणि उशीर केल्याबद्दल तुमचे दात मी भूल न देता काढीन.”

टाळ्या थांबवा, थांबवा जरा! काका, मी तोंड उघडायला तयार आहे.

पाटी मी आधीच करून खिशात ठेवली होती. तिसरी ओळ ‘मळ’ या शब्दानं सुरू होते आणि पुढे एक नाव आहे. ते मी वाचणार नाही. ए लाल टॉवेलवाली, वर ये. पायरी जपून. हे धर, आणि मोठ्यानं वाच.

ऐकलंत? मागे भिंतीपर्यंत पोचलं? नाही? बाळ, पुन्हा वाच. आजीकडे बघून वाच.

मावशी, डोळे पुसा, पण त्या फडक्यानं नको.

अध्यक्षांचे, विश्वस्तांचे, मुलीचे, नातीचे आणि एवढा वेळ उभं राहून ऐकणाऱ्या तुम्हा साऱ्यांचे मी आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुठे डाग राहिला असेल तर पदरात घ्या. आणि मावशी, निदान तेवढा तरी घासायला येऊ नका.