मधलं नाव

गंगाखेडच्या सेवा केंद्रात चतुराबाई पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. पुढं कडूबाई कॉम्प्युटरवरच्या पोरीला सांगत होती.

“व्हिडिओ कॉलला वेगळं रिचार्ज लावावं का, म्हणून सरकारनं लोकांना विचारलंय ना? लिव्ह, न्हाई. मालक ऊसतोडीला हायत. फोनात तेवढंच तोंड दिसतंय.”

“लिहिलं, मावशी. पूर्ण नाव सांगा.”

“कडूबाई.”

“मधलं? काकांचं?”

“अगं बया! ते कसं घिऊ?”

“त्याशिवाय पुढं जात न्हाई. आज शेवटची तारीख हाय.”

चतुराबाईंना राहवलं नाही. “उखाण्यात घे की. आमी तसंच घ्यायचो.”

“लग्नातला उखाणा आता कुठं आठवायलाय, आत्याबाई?”

गोंधळलेल्या कडूबाईनं व्हिडिओ कॉल लावला. उसाच्या फडातला एक घामेजला चेहरा उमटला.

“काय गं?”

“हसू नका. ह्या पोरीला तुमचं नाव सांगा.”