वैद्यांचा खोकला

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी मला बजावलंय, पण मावशी, तुम्ही आत्ता "वैद्य, आणि दवाखान्यात?" म्हणून हसलात आणि तुमच्यामागोमाग अख्खं बाकडं हसलं, म्हणून सांगते... फक्त जरा हळू, कारण ते दारात उभे राहून नावं पुकारताहेत ना, राखाडी शर्टातले, ते कंपाउंडर नाहीत, माझे बाबा आहेत. कंपाउंडरकाकांचा आज घसा बसलाय, म्हणून बाबांनी आपण होऊन काम अंगावर घेतलं. मी एरवी चारचौघांत बोलणारी नाही. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही, शेजारची मैत्रीण माझ्या वतीने "हजर" म्हणते. पण आडनावच वैद्य, त्याला कोण काय करणार?

आमचे पणजोबा खरोखरचे वैद्य होते. नाडी धरली की काल काय खाल्लं ते सांगायचे म्हणे. आजोबा नुसतीच जीभ बघायचे. आणि बाबा? बाबा कोर्टात शिपाई आहेत. तरी जिन्यात कुणी ना कुणी अडवतंच, "वैद्य, दोन दिवस पोट धरलंय हो." बाबा म्हणतात, "गरम पाणी प्या." तो माणूस बरा होतो आणि बाबा आईकडे बघून म्हणतात, "शेवटी रक्तातच आहे." आई म्हणते, "रक्तात असेल, पण मग पाणी कशाला लागतं?"

तर बाबांचं काम पुकाऱ्याचं. कोर्टाच्या दारात उभं राहून, "अमुक विरुद्ध तमुक, हजर आहेत काऽऽ!" तुम्हाला सांगते, खाली टपरीवर चहा पिणारा माणूस कप तसाच ठेवून जिना चढायला लागतो, असा आवाज. आणि त्या आवाजाला लागला खोकला. "अमुक विरुद्ध..." की पुढे नुसतं खॉक खॉक. एकदा एका म्हाताऱ्यांना त्यांचं नावच ऐकू गेलं नाही, ते खालीच बसून राहिले आणि त्यांची केस पुढच्या तारखेवर गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. वर हेडक्लार्क म्हणाले, "वैद्य, घसा सुटला नाही तर तुम्हाला तळघरात जुन्या फायलींपाशी बसवावं लागेल हं." बाबांना फायलींचं काही नाही हो. पण तिथे हाक कुणाला मारायची?

म्हणून बाबा इथे आले. खिडकीतून हाक आली, "वैद्यऽ!" आणि सगळे वळून बघायला लागले. एक काका म्हणाले, "वैद्यच रांगेत आले, म्हणजे आपलं काही खरं नाही." झालं. दिवसभर लोकांची नावं जगजाहीर करणारा माणूस स्वतःच्या नावाला कानापर्यंत लाल झाला. लाल औषध घेतलं आणि घरी आला. गुण येईना, तेव्हा पुन्हा आला, पण खिडकीवर नाव सांगितलं सुतार.

आता आमचे डॉक्टर हुशार आहेत, पण गर्दी एवढी असते की मान वर करायला त्यांना सवड नाही. "पहिल्यांदाच ना? हे लाल औषध घ्या, पाच दिवस. बरं नाही वाटलं तर पुन्हा या, मग दुसरं देऊ." बाबांना डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलवत नाही, म्हणून ते नुसते खोकले, आणि डॉक्टरांना ते "हो" वाटलं. पुढच्या खेपेला बाबा शिंपी झाले. "पहिल्यांदाच ना? हे लाल औषध." मग सोनार झाले, तर शेजारच्या बाईंनी हातातली बांगडीच पुढे केली, "बघा हो, खरी आहे का?" म्हणजे बघा, दुसरं औषध मिळणार कसं? दुसऱ्यांदा येणारा माणूसच नव्हता.

शेवटी आईने फडताळ उघडलं. "अहो, एवढ्या लाल औषधात माझी एक चादर रंगली असती." आणि फर्मान काढलं, "आता हिला बरोबर न्या. ही लक्ष ठेवील." कोण? मी! जिची हजेरी दुसरी मुलगी देते ती.

इथेच बसलो होतो, या बाकड्यावर. बाबा खिडकीवर हळूच "गवळी" म्हणून आले. थोड्या वेळाने हाक आली, "गवळी!" बाबा ढिम्म. पुन्हा हाक आली. आपण आज गवळी आहोत हे ते साफ विसरले होते. मी बघितलं, तर तोंडावर हात धरून ते अगदी हळू म्हणत होते, "हजर आहेत का... हजर आहेत का..." आवाज येतो का ते बघत होते, मावशी. आला नाही.

मग मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. "गवळी नाहीत, वैद्य. वैद्य हजर आहेत." आवाज पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा निघाला, पण निघाला. लोक हसले. हसू देत. आडनावच वैद्य, त्याला कोण काय करणार?

आत गेल्यावर बाबा खोकले, तशी डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. "हा खोकला ओळखीचा... अहो, तुम्ही तर सुतार ना?"

"हो," बाबा म्हणाले, "आणि शिंपीसुद्धा."

मग त्यांनी छाती तपासली, सावकाश, पुढून आणि मागून, आणि दुसरं औषध दिलं. पिवळं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आवाज बरा आहे की तुझा. फक्त हे कुठे बोलू नकोस." आठवड्याभरात कोर्टाचा जिना पुन्हा दणाणायला लागला, तळघराचं नाव कुणी काढलं नाही, आणि तो खोकला... तो आला माझ्याकडे. आज खिडकीवर मी गवळीच सांगणार होते, पण बाबा शेजारी उभे. वैद्य सांगावं लागलं. आता एवढंच ठरवलंय की पहिल्या हाकेलाच गुपचूप उठायचं, कारण ते हाक मारणार ती कोर्टातली, म्हणजे रस्त्यापलीकडच्या शाळेत माझ्या वर्गालासुद्धा कळणार की मी इथे आहे, पण करता काय, आडनावच वैद्य, त्याला कोण का—

"वैद्यऽऽ, हजर आहेत काऽऽ!"

...हजर.