विलासदादाने चावी ठेवून घेतली तो दिवस

शोभावहिनी, स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर भाऊ, आणि ज्यांची पोरं माझ्या व्हॅनमधून शाळेत जातात ते आईबाबा. मला बोलता येत नाही हो. भांडता येतं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण आज विलासदादाच्या पुण्यानुमोदनाला गप्प बसले, तर मला आयुष्यभर झोप लागणार नाही.

भांडुपमध्ये दादाचं गॅरेज वीस वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी माझी जुनी व्हॅन डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलेना. बाहेरून तीनदा अलाइनमेंट करून आणलं. फरक शून्य. मग दादाकडे गेले.

त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं. वर-खाली धरून हलवलं. टक. टक. म्हणाला, "सुनंदा, आत बस, ब्रेक दाबून धर." परत हलवलं. परत टक. "ब्रेक दाबूनही वाजतंय, म्हणजे बेअरिंग नाही. खालचा बॉल जॉइंट गेलाय. चाक ज्याच्यावर वळतं ना, तोच सांधा."

दादाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. नुसतं सांगायचा नाही. गाडीवाल्याला खाली वाकवायचा, त्याचा हात त्या सांध्यावर ठेवायचा आणि चाक हलवायचा. माझाही ठेवला. वहिनी, मला कळलं. हाताला तो धक्का स्पष्ट लागला.

दादा म्हणाला, "पार्ट उद्या दुपारी येईल. उद्या पोरांना रिक्षाने ने. चावी माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा होती. मी चिडले. स्टँडवर येऊन सगळ्यांसमोर बोलले, "हा माणूस फुकटची भीती घालतो, नसलेला बिघाड काढतो." कोणाकोणाला आठवतंय? माना खाली घालू नका. बोलले मी होते.

सकाळी घरची दुसरी चावी घेतली, गॅरेजबाहेरून व्हॅन काढली आणि नऊ पोरं बसवली. पहिल्याच वळणाला आरशात दादाची स्कूटर दिसली. तो पुढे आला आणि माझ्यासमोर हळूहळू चालवायला लागला. मी हॉर्न मारला. तो हटेना. वीसच्या वर जाऊ देईना. उजवीकडून काढायला गेले की आडवा यायचा. पोरं हसत होती. स्टिअरिंग आता माझंही ऐकत नव्हतं. पण थांबले का? नाही थांबले. माज होता.

शाळेच्या गेटवर पोरं उतरली. शेवटची पोरगी आत गेली. मी वळवायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खाली काडकन आवाज झाला. चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडलं. व्हॅन रस्त्यावर बसली.

दादा स्कूटरवरून उतरला. मला वाटलं, आता कानाखाली देईल. तो फुटपाथवरच बसला. एवढंच म्हणाला, "सगळी उतरली ना गं?"

स्टँडवर मी काय सांगितलं? खड्ड्यात चाक गेलं. दादाने ते ऐकलं. माझ्या बोलण्यावरून दोघातिघांनी त्याच्याकडे गाड्या नेणं बंद केलं. तरीही त्याने मला खोटं पाडलं नाही. मी रोज ठरवायचे, आज सांगू. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकने तो गेला आणि सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून आज त्याच्या माणसांसमोर सांगते. दादा खरा होता. खोटी मी होते.

त्या नऊ पोरांपैकी पाच जणांचे आईबाबा इथे बसलेत. उद्या सकाळी मी नेहमीच्या वेळी तुमच्या बिल्डिंगखाली उभी राहीन. पोराला पाठवायचं नसेल तर पाठवू नका. मी कारण विचारणार नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. दादा, जय भीम.